तीन उखाणे आणि सोन्याचं आसन

एका राज्यात राजे मरत नसत, दगड होत. पहिले तेवढे मेले होते, चारचौघांसारखे, अंथरुणात. ते थोरले महाराज रणधवल. एकमेकांची गुरं पळवणाऱ्या बारा सरदारांना एका निशाणाखाली आणून त्यांनी हे राज्य उभं केलं, मांत्रिक काळजंघाला रणात हरवलं आणि खंडणीत त्याचं सोन्याचं आसन घेतलं. आसन देताना काळजंघ हसला. म्हणाला, "यावर जो बसेल, त्याच्या हातून चूक होणार नाही."

दरबाराने हे वाक्य भिंतीवर कोरून घेतलं. थोरल्यांचा मुलगा त्या आसनावर सात वर्षांत दगड झाला, नातू पाच वर्षांत. दोघांना उचलून दरबारात उभं केलं, रोज हार घातले. आता पणतू सारंगदेव बसत होता.

त्याच्याशी कालिंदीचं लग्न झालं. लग्नात तिच्या वडिलांनी जावयाचे पाय धुतले, तेव्हा घाटाच्या पायरीवरून ओघळावं तसं पाणी ओघळून गेलं. वडिलांनी ते दगडी पाय तसेच पुसले. मुहूर्त टळत होता.

महिन्याभरात दगड कमरेपर्यंत चढला. सारंगदेवाला आता चौघे भोई दरबारात नेत. प्रधान भोजाजी रोज सकाळी हात जोडून म्हणे, "आज महाराज अगदी थोरल्यांसारखे दिसताहेत हो!" आणि दरबार माना डोलवी. मग भाट उठून थोरल्यांचे एकशे आठ गुण म्हणे. थोरल्यांविषयी उणा शब्द काढणाऱ्याची जीभ छाटावी, असा कायदा होता.

कालिंदी कमी बोले. त्यामुळे ती ऐकते आहे, हे लोक विसरून जात.

"या आसनावरून उतरता नाही का येणार?" तिने एकदा नवऱ्याला विचारलं.

"उतरलो तर बारा सरदार बारा वाटांनी जातील. थोरल्यांचं आसन आहे म्हणून गप्प बसलेत."

"आणि तुम्ही?"

"मी पण त्यासाठीच बसलोय," तो म्हणाला. हसायला गेला, पण दगड आता छातीला लागला होता, हसू फुटलं नाही.

मागच्या बागेत एक साळुंकी होती. थोरल्यांच्या खांद्यावर बसून तिने सगळ्या लढाया पाहिल्या होत्या. माणसं तिच्यापुढे येत, थोरल्यांचे गुण म्हणत, डाळिंबाचे दाणे ठेवत आणि जात. कालिंदीने दाणे ठेवले आणि विचारलं, "हा दगड अंगावरून कशाने उतरेल?"

"अगं बाई," साळुंकी म्हणाली, "तीन राजे झाले, विचारणारी तू पहिली. सगळे सांगायलाच येतात. ऐक. चूक न होणं फक्त दगडाला जमतं, ही त्या आसनाची करणी. त्यावर पहिल्यांदा जो बसला त्याच्या तीन चुका भरल्या दरबारात कुणीतरी बोलल्या पाहिजेत. तिन्ही खऱ्या. तिन्ही एकापाठोपाठ, जागेवरून न हलता."

"पहिले बसले ते थोरलेच."

"तेच तर. पहिली चूक नदीला विचार, दुसरी ऐरणीला. तिसरीसाठी माझ्याकडे ये."

"आणि दरबारातले ते दोघे? आजेसासरे, मामंजी?"

"ज्यांचा श्वास संपला, त्यांची माती होईल."

हे ऐकायला तिथे आणखी एक जण होतं. आईसाहेब, कालिंदीच्या सासूबाई, हारासाठी फुलं खुडत होत्या. दगड झालेल्या नवऱ्याच्या नावाने त्या अजून कुंकू लावत. त्या परडी घेऊन आत गेल्या.

नव्या सुनेला नदीची ओटी भरायला जाता येतं, म्हणून कालिंदी नदीवर गेली आणि पाण्याला थोरल्यांची चूक विचारली. डोहातून एक म्हातारं कासव वर आलं. "इथेच," ते म्हणालं. "पूर होता. नावाडी काठावर बसले होते, पण थोरल्यांनी त्यांना विचारलं नाही. घोडे घातले. दोनशे माणूस माझ्या डोक्यावरून वाहून गेलं. त्यानंतर ते कधी नावाड्याला विचारल्यावाचून पाण्यात उतरले नाहीत, आणि शेवटचा माणूस पार होईपर्यंत काठावरून हलले नाहीत. एकशे आठ गुणांत आहे का हे?"

"नाही," कालिंदी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गावाबाहेरच्या ओस लोहारशाळेत गेली. ऐरणीवर गंज चढला होता. तिने पदराने पुसला, तशी ऐरण बोलली. "माझ्या धन्याने फितुरी केली असं कुणीतरी सांगितलं. थोरल्यांनी शहानिशा केली नाही, हद्दपार केलं. खरं कळल्यावर अनवाणी गेले त्याच्या दारी. धनी म्हणाला, माफ केलं, पण परत येणार नाही. तेव्हापासून फिर्यादीची दुसरी बाजू ऐकल्याशिवाय ते जेवत नसत."

तिसऱ्या दिवशी दगड सारंगदेवाच्या गळ्याशी आला. कालिंदी साळुंकीकडे धावली.

"हे सांगितलं की माझी वाचा जाईल, तशी शपथ आहे," साळुंकी म्हणाली. "असो. खूप बोलले. थोरले त्या आसनावर एकदाच बसले. डाव्या हाताची करंगळी दगड झाली. ते उठले, पुन्हा कधी बसले नाहीत, दरबार उभ्याने भरवला. पण पहिल्या दोन चुका चारचौघांत कबूल करणारा तो माणूस, याची लाज वाटली त्याला. काळजंघाने फसवलं, हे तोंडातून निघेना. हातावर शेला घेतला. मुलालासुद्धा सांगितलं नाही..." पुढे ती नुसतीच चिवचिवली.

चौथा दिवस राज्यस्थापनेचा. बारा सरदार आले. नवी सून दरबारात पहिल्यांदा येणार, आणि तिला बोलायला मिळणार ते एवढंच, नवऱ्याचं नाव घेण्यापुरतं. पडद्याआडच्या बायका ओरडल्या, "नाव घ्या, सूनबाई! लाजू नका!"

कालिंदी आसनासमोर उभी राहिली. सारंगदेवाचे नुसते डोळे हलत होते.

"नावाड्यांना न विचारता थोरल्यांनी पुरात घातले घोडे,
सारंगदेवांचं नाव घेते, दोनशे बुडाले, हे काय थोडे?"

दरबाराला ऐकू आलेलं समजायला वेळ लागला. मग भोजाजी किंचाळला, "जीभ छाटा हिची!"

कालिंदी दुसरा उखाणा विसरली. समोर पहारेकरी, हातात सुरी. तेवढ्यात पडदा सरला आणि आईसाहेब बाहेर आल्या. पहारेकऱ्याच्या आणि सुनेच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"घेतलेलं नाव मध्ये तोडू नये, प्रधानजी. नवऱ्याचं आयुष्य तुटतं. ही रीत थोरल्यांच्याही आधीची आहे."

"पण आईसाहेब, ही थोरल्यांना..."

"मी ऐकतेय. तुम्हीही ऐका." मग मागे न वळता म्हणाल्या, "घे गं. थांबू नकोस आता."

त्यांच्या कपाळावरचं कुंकू कालिंदीला दिसत नव्हतं, तरी ती तिकडेच पाहत राहिली. मग म्हणाली,

"निरपराध लोहाराला थोरल्यांनी दिली हद्दपारी,
सारंगदेवांचं नाव घेते, माफी मागायला गेले त्याच्या दारी."

आणि श्वास न घेता,

"लाजेपोटी थोरल्यांनी दगडी बोट लपवलं,
सारंगदेवांचं नाव घेते, त्या लपवण्याने घर संपवलं."

सोन्याच्या आसनाला तडा गेला. आत सोनं नव्हतं, काळा पाषाण होता. सारंगदेव खाली कोसळला आणि कळवळला, "आई गं, पाय!" पायांना मुंग्या आल्या होत्या. दरबाराच्या दोन बाजूंना दोन राजे सावकाश ढासळले आणि त्यांचे हार मातीच्या ढिगावर पडले.

आईसाहेब त्यातल्या एका ढिगाशी बसल्या. चिमूटभर माती घेऊन पदराच्या टोकाला बांधली. मग स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं.

बारा सरदारांपैकी सर्वांत थोरला उठला. "आसन गेलं," तो म्हणाला. "आता आम्ही कुणासमोर बसायचं?"

सारंगदेव कालिंदीच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. "बसू नका. उभे राहा, मीही उभा आहे. पहिलं काम. नदीवर नवा पूल बांधा, कासवाच्या डोहाजवळ."

मागून एका नावाड्याने घसा खाकरला. "महाराज, चुकतंय. तिथे तळ लागत नाही. पूल वाहून जाईल."

भोजाजीने डोळे मिटून घेतले. बारा सरदार राजाकडे बघू लागले.

"असं?" सारंगदेव म्हणाला. "मग पुढे ये आणि दाखव, कुठे बांधू."

नावाडी पुढे आला. त्याला वाट द्यायला बारा सरदार बाजूला सरकले, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत त्यांतला एकही आपल्या वाटेने गेला नाही.