कमळपक्षी आणि बघायला आलेला कोल्हा

मुलांनो, जंगल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे झाडं येतात. या गोष्टीतलं जंगल मात्र पाण्यात होतं. मोठं थोरलं तळं, काठाला लव्हाळी आणि मध्ये कमळाची पानं अशी दाट, की वरून जाणाऱ्या ढगाला आपलं तोंड बघायला जागा मिळू नये. माणसांनी त्याला राष्ट्रीय उद्यान ठरवून फाटकावर नियमांची पाटी लावली होती. त्या पानांवर एक कमळपक्षी राहत असे. पायांची बोटं कोळ्याच्या पायांसारखी लांबलचक, अंग असं हलकं की कोवळ्या पानावर उभा राहिला तरी पानाला पत्ता लागू नये. आणि शेपटी केवढी? तो सकाळी या पानावरून त्या पानावर गेला, की शेपटी मागून दुपारपर्यंत पोचायची.

उद्यानात माणसं होडीतून येत, दुर्बिणी लावत, वा वा करत आणि निघून जात. कुणाच्या पिसालाही हात लावत नसत. त्यामुळे तिथल्या पाखरांना एक सवय जडली होती. बघणारा आला, की आपली कला दाखवायची. बगळा एका पायावर इतका वेळ उभा राही, की दुसरा पाय कुठे ठेवलाय ते त्याला आठवेना. पाणकावळा खडकावर पंख पसरून वाळत घातलेल्या छत्रीसारखा बसे. आणि टिबुकली, म्हणजे ती मुठीएवढी पाणबुडी, अशी बुडी मारी की वर येईपर्यंत होडीतली माणसं चिंतेत पडत. पण सगळ्यांत जास्त वाहवा मिळे ती कमळपक्ष्याच्या शेपटीला, आणि याचा बगळ्यालाही अभिमान होता. आमच्याकडे असा एक आहे, असं तो परगावच्या पाखरांना सांगत असे.

यंदा मात्र कमळपक्षी जागचा हलत नव्हता. त्यांच्या जातीत रीतच अशी, की आईनं अंडी घालायची आणि दुसरा संसार मांडायला निघून जायचं. उबवायची, वाढवायची ती बापानं. तेव्हा तेल चोपडल्यासारखी चकचकीत चार तपकिरी अंडी पोटाखाली घेऊन तो घरट्यात बसला होता. घरटं म्हणजे तरी काय, पाण्यावर तरंगणारी काड्यापानांची चटई. आणि ती चटई वाऱ्यानं सरकत सरकत काठाजवळच्या उथळ पाण्यात आली होती.

अशात एके दिवशी कोरड्या डोंगरावरून एक कोल्हा आला. गळ्यात दुर्बिणीचा पट्टा होता. दुर्बीण नव्हती, नुसताच पट्टा, कुणाचा तरी वाटेत पडलेला. पण काठावर बसून तो मोठ्या अदबीनं म्हणाला, "मी फक्त बघायला आलोय. कुणाला हात लावणार नाही, कुणाला खाऊ घालणार नाही, कचरा टाकणार नाही."

फाटकावरची पाटी त्यानं येता येता पाठ केली असावी. पाखरं खूश झाली. पट्टा आहे, नियम माहीत आहेत, म्हणजे बघणाराच. बगळ्यानं त्याला सगळं तळं दाखवायचं आपणहून अंगावर घेतलं. इकडे मासे असतात, तिकडे सकाळचं ऊन छान पडतं, आणि ते पलीकडे चटईवर बसलेत ते आमचे शेपटीवाले, सध्या अंड्यांवर आहेत, असंही सांगून टाकलं.

कमळपक्षी कोल्ह्याचे डोळे बघत होता. आजवर आलेला प्रत्येक जण त्याच्या शेपटीकडे बघायचा. हा त्याच्या पोटाखाली बघत होता.

"तेवढं उभं राहून शेपटी दाखवलीत, तर डोंगरावर जाऊन तुमचं नाव करीन म्हणतो," कोल्हा म्हणाला.

"बसूनही दिसते," कमळपक्षी म्हणाला.

बगळ्याला हे फार लागलं. एवढ्या लांबून पाहुणा आला आणि हा असा तुटक बोलतो. तो लांब मान वाकवून कमळपक्ष्याच्या कानाशी आला. "अहो, उठा जरा. तळ्याची अब्रू आहे. अंडी काही पळून जात नाहीत."

"पळता येत नाही त्यांना, म्हणूनच बसलोय," कमळपक्षी म्हणाला.

बगळा फणकाऱ्यानं निघून गेला आणि पाहुण्याचा हिरमोड होऊ नये म्हणून त्यानं सगळ्यांना कामाला लावलं. आता एक लक्षात घ्या. कोल्ह्यानं बघणाऱ्याचं सोंग घेतलं होतं, तेव्हा बघणं त्याला भाग होतं. पाणकावळ्यानं एक पंख वाळवला, मग दुसरा वाळवला, मग उन्हाची दिशा बदलली म्हणून पहिला पुन्हा वाळवला. टिबुकलीनं बुड्यांवर बुड्या मारल्या. कोल्हा दात आवळून मान डोलवत राहिला.

तेवढ्यात कमळपक्षी उठला. पण शेपटी दाखवायला नव्हे. त्यानं एक अंडं हनुवटी आणि छातीच्या मध्ये धरलं, पंखांनी दोन्ही बाजूंनी आवळलं आणि पाठमोरा चालू लागला. या पाखरांची अंडी हलवायची तऱ्हा हीच. मागे डोळे नाहीत, बोटांनी पान चाचपायचं, पान तोलतंय असं वाटलं की एक पाऊल मागे. असं करत तो तळ्याच्या खोल भागात, जिथं पानं विरळ आणि पाणी काळं होतं, तिथं पोचला. लव्हाळ्याच्या एका जुन्या बेटावर अंडं ठेवलं आणि परत फिरला. दुसरं नेलं. उन्हानं पाठ भाजत होती, मान अवघडली होती, चोचीतून श्वास घ्यावा लागत होता. बगळ्यानं लांबून दोनदा सुनावलं, की पाहुण्यांपुढे हे सामान हलवणं शोभत नाही. कमळपक्ष्यानं ऐकलं आणि तिसरं अंडं उचललं.

ते बेटावर टेकवून त्यानं मान वर केली, तर कोल्हा पाण्यात उतरला होता. चटईवर एकच अंडं उरलंय, हे त्याच्याही ध्यानात आलं होतं.

"पाहुणे, पाण्यात उतरायला मनाई आहे," बगळा म्हणाला. कोल्ह्यानं वळूनही पाहिलं नाही. तेव्हा कुठे बगळ्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि उजेड पडताच तो उडाला. पाणकावळ्याचे पंख एवढं वाळवूनही ओलेच होते, तो धडपडत खडकामागे गेला. टिबुकली बुडाली ती वर येईचना.

कमळपक्षी एकटा उरला. तीन अंडी वाचली होती, एक जात होतं. दुसरा कुणी असता तर त्यानं मनाची समजूत घातली असती. कमळपक्ष्याला ही वजाबाकी येत नव्हती. तो सरळ कोल्ह्याच्या दिशेनं धावत सुटला. पानं इतकी भराभर मागे पडली, की त्यांवरचे पाण्याचे थेंब जागेवरून हललेसुद्धा नाहीत. चटईवर पोचला तेव्हा कोल्ह्याचा ऊन ऊन श्वास त्याच्या पिसांना लागत होता.

त्यानं अंडं छातीशी घेतलं, पंख आवळले आणि कोल्ह्याच्या डोळ्याला डोळा भिडवून पाठमोरं चालायला सुरुवात केली.

कोल्हा पोटापर्यंतच्या चिखलात रुतत मागोमाग आला. "उडून का जात नाहीस?" त्यानं विचारलं. त्याला खरोखरच नवल वाटलं होतं.

"पंख कामात आहेत," कमळपक्षी म्हणाला.

एक पान मागे. आणखी एक पान मागे. डोंगरावरच्या त्या कोल्ह्यानं जन्मात कमळ पाहिलं नव्हतं. त्यानं विचार केला, हा शहाणा अंडं घेऊन पानावरून चालतोय, पान वाकतही नाही, आणि मी मूर्खासारखा चिखल तुडवतोय. समोर परातीएवढं हिरवंगार पान पसरलं होतं. कमळपक्ष्यानं त्यावरून शेवटचा पाय उचलला आणि कोल्ह्यानं सगळा जोर लावून त्यावर उडी मारली.

पानानं त्याला क्षणभर धरलं म्हणतात, निदान नीट ओळख करून घेण्यापुरतं. मग कोल्हा, पट्टा आणि पान असे तिघेही काळ्या पाण्यात गेले. खाली कमळाचे देठ होते, दोरखंडासारखे. त्यांनी एक पाय धरला, तो सोडवेपर्यंत दुसरा धरला, मग पट्ट्याला धरलं. कोल्हा वर आला तो डोक्यावर पान, मिशांत शेवाळ आणि नाकाला जळू घेऊन. तेवढ्यात माणसांची होडी आली. कमळपक्षी बघायला आलेल्या त्या मंडळींनी सगळ्या दुर्बिणी कोल्ह्यावर रोखल्या, आणि हा पाण्यात राहणारा कोणता दुर्मीळ प्राणी, यावर त्यांचा जोराचा वाद जुंपला. कोल्हा पट्टा तिथंच सोडून जो पळाला, तो डोंगर ओलांडून पलीकडच्या डोंगरावर गेला. पाण्याचं डबकं दिसलं तरी तो अजून लांबून वळसा घालतो.

बगळा हळूच परत आला. आपण मदत आणायला गेलो होतो, असं काहीतरी तो पुटपुटला. मग ते त्यालाच पटेना. तेव्हा खालच्या आवाजात म्हणाला, "मी काही करू का?"

"काठाकडे तोंड करून उभे राहा," कमळपक्षी म्हणाला.

बगळा होडीकडे पाठ करून, दोन्ही पाय चिखलात रोवून उभा राहिला. कमळपक्ष्यानं चौथं अंडं तिघांच्या कुशीत सरकवलं, अवघडलेली मान एकदा झटकली आणि पोट टेकून बसला. चारही अंडी चोचीनं नीट पोटाखाली ओढून घेतली. तेव्हा त्याला खालून काहीतरी जाणवलं. त्या शेवटी आणलेल्या अंड्याच्या आतून कुणीतरी चोचीनं टकटक करत होतं.

तात्पर्य : जे आपल्या भरवशावर आहे ते बघणाऱ्यांच्या वाहवेसाठी उघडं टाकू नये, आणि ते वाचवायची वेळ आली तर बरंचसं वाचलं म्हणून मध्येच थांबू नये.