हत्ती भिजला, तळं भरलं!

फार वर्षांपूर्वी एका गावानं माळाच्या उताराखाली बांध घालून तळं केलं. तळ्याच्या मधोमध दगडी खांब, खांबाच्या डोक्यावर कोरलेला हत्ती. पाण्यानं हत्तीचे पाय भिजले की तळं भरलं, असं गाव समजायचं.

उन्हाळ्यात घरटी दहा पाट्या गाळ काढून शेतात टाकायची तिथली रीत होती. गावच्या पाटलांच्या आजोबांनी ती मोडली. हत्ती दरसाल भिजतोय, मग कंबरडं कशाला मोडून घ्या? लोकांनाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोला!

एकदा होडी चालवणारी भागाबाई भोईण पाटलांच्या दारात आली. "पाटील, दर पावसात उताराची माती तळ्यात येती अन् बुडाशी बसती. माझी आजी सांगायची, हत्तीपाशी बांबू बुडाला टेकायचाच न्हाई, हातातनं सुटायचा. आता तो गुडघाभर बी जात न्हाई. औंदा गाळ काढा."

"तुझा बांबू खरा की आमचा हत्ती?" पाटील म्हणाले. सगळे खो खो हसले.

त्या पावसातही हत्ती भिजला. पाटलांनी लेकीचं लग्न चैत्रात धरलं. "पाच गावं जेवतील, पाणी कमी पडायचं नाही!" असं म्हणून ते भागाबाईच्या होडीतून हत्तीला हार घालायला निघाले. हार घालताना पाय घसरला आणि धपकन पाण्यात! त्यांना पोहता येत नव्हतं.

"पाटील बुडाले! धावा!"

कसले बुडतात? पाटील उठून उभे राहिले. भर तळ्यात, गुडघाभर पाण्यात!

"अगं, मग एवढं तळं भरलंय कशानं?" पाटील होडीतल्या भागाबाईला म्हणाले.

"गाळानं, पाटील."

फाल्गुनातच तळं आटलं. पाटलांनी डोक्याला हात लावला. पाहुण्यांना पाय धुवायला तरी पाणी कुठून आणायचं?

लेक म्हणाली, "बाबा, मांडव तळ्यातच घाला. पाणी ज्यानं त्यानं आपापलं आणावं. आहेर नको म्हणावं, येताना पाटी आणा." अक्षता पडल्या आणि पहिली पाटी नवरीनंच उचलली.

पाच गावं खणायला लागली. खांबाभोवतीचा गाळ निघाला, तसा हत्तीखाली दुसरा हत्ती दिसला. त्याच्याखाली तिसरा. बाई गं! एकूण सात हत्ती निघाले, आणि जिवंत माणसांपैकी कुणीही त्यातले सहा पाहिले नव्हते.

पाटील मटकन गाळातच बसले. "सात हत्तींचं तळं दिलं होतं पूर्वजांनी," ते म्हणाले, "आणि आम्ही एकाचे पाय भिजले म्हणून नाचत होतो."

तात्पर्य: काठोकाठ दिसतं ते सगळं पाणी नसतं, वरचा हत्ती बघून हुरळू नये, तळाला बांबू लावून पाहावा.