गावभर लावलेली पोथी

एकदा एका पाठशाळेत, परीक्षा अवघ्या एकवीस दिवसांवर आलेली असताना, एका शिष्याची मान धरली. धरली म्हणजे साधीसुधी नव्हे. डावीकडे वळवावी तर खांद्यातून कळ निघे, उजवीकडे वळवावी तर बोटांना मुंग्या येत, आणि वर बघण्याचे तर नावच काढायला नको. शिष्याचे नाव त्र्यंबक. नदीपलीकडच्या त्याच्या गावाने तीन वर्षांपूर्वीच पाठशाळेसाठी मातीच्या भिंती उभारून वर छप्पर शाकारून ठेवले होते. शिकवायला माणूस तेवढा नव्हता. त्र्यंबक उत्तीर्ण झाला तर तिथे मुले बसणार, नाहीतर गुरे बांधणार, असे पंचांनी स्वच्छ सांगून टाकले होते. एवढ्या मोठ्या गोष्टीच्या आड ही वीतभर मान आली होती!

परीक्षाही सोपी नव्हती. तिला शलाकापरीक्षा म्हणत. जुन्या पोथ्या सुट्या पानांच्या असत. सभेतले पंडित मिटलेल्या पोथीत एक बारीक काडी खुपसत आणि काडी ज्या पानाला लागेल, ते पान परीक्षार्थीने न बघता म्हणायचे, वर त्याचा अर्थ उलगडायचा. असे तीन वेळा. अमुक प्रकरण सोडून देऊ, तमुक काही यायचे नाही, असली आपली हुशारी तिथे चालत नसे. न्यायशास्त्राच्या, म्हणजे तर्कविद्येच्या, त्या ग्रंथाची पाने अठ्ठ्याण्णव होती आणि अठ्ठ्याण्णवच्या अठ्ठ्याण्णव यायला हवी होती.

त्र्यंबक पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत मांडी घालून, पोथी पुढ्यात ठेवून तिच्यावर ओणवा होऊन बसे. सगळेच तसे बसत. यातली गंमत आता सांगतो. त्या पाठशाळेचे आचार्य स्वतः कायमचे वाकलेले होते. हनुवटी छातीला टेकलेली. त्यांच्या विद्वत्तेचा दबदबा असा की, वाकलेली मान हेच विद्वानाचे लक्षण, अशी शिष्यांनी मनाशी पक्की गाठ बांधली होती. ज्याची मान दुखे, तो मनातून सुखावे! चुकून कोणी ताठ बसला, तर बाकीचे त्याची कीव करीत. त्यामुळे माना सगळ्यांच्याच दुखत होत्या आणि कण्हत कोणीच नव्हते.

त्र्यंबक मात्र कण्हला. दुपारच्या पाठाच्या वेळी पान उलटताना अशी कळ आली की "आई गं!" तोंडून निघूनच गेले, आणि पानावरची अक्षरे डोळ्यांपुढे पोहू लागली.

पाठशाळा चिडीचूप झाली. एक ज्येष्ठ शिष्य हळूच म्हणाला, "झालं! आता गुरुजी याला घरी पाठवणार."

"कोण कण्हलं?" आचार्यांनी विचारले.

"मी, गुरुजी. मान जरा... क्षमा असावी. पुन्हा नाही होणार."

"किती दिवस दुखते आहे?"

"दीड महिना झाला."

"आणि आज सांगतोस? आण ती पोथी इकडे."

त्र्यंबकाने पोथी दिली. आचार्यांनी तिचे कापड सोडले, पाने हातात घेतली आणि बाकीच्या शिष्यांना आज्ञा केली, "बांबूच्या कामट्या काढा. प्रत्येक कामटीला चीर द्या, चिरेत एकेक पान अडकवा आणि सगळी पाने गावभर लावून या. एक इथं, तर दुसरं लांब. प्रत्येक पान त्र्यंबकाच्या डोळ्यांच्या दोन बोटं वर असू दे."

त्र्यंबक पुढे आला. "गुरुजी, परीक्षा तोंडावर आली आणि पोथी गावभर? मी वाचू कशी?"

"चालत जाऊन वाच. पान काढून हातात घ्यायचं नाही, त्याच्यापुढे मांडी घालायची नाही. आणि वाटेत कोणी अर्थ विचारला, तर सांगितल्याशिवाय पुढे सरकायचं नाही." एवढे बोलून आचार्य आत गेले.

संध्याकाळपर्यंत ग्रंथ गावात पसरला. एक पान विहिरीच्या रहाटाजवळ, एक कुंभाराच्या छपराखाली, एक तेलिणीच्या दारातल्या कडुलिंबाला, एक नावाड्याच्या खांबाला, एक देवळापुढच्या दीपमाळेवर. त्र्यंबकाची पहिल्या दिवशी अकरा पाने वाचून झाली. अकरा! एका पानापासून दुसऱ्यापर्यंत जाताना तो पाठ म्हणे, विसरे, उलटा फिरे, पुन्हा बघे. मान तर वर होतच नव्हती. बिचारा कमरेतून मागे झुकून वाचत होता आणि पाणवठ्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. म्हातारपणी आचार्यांची बुद्धी फिरली, असे त्याला वाटले. खरे सांगू? मलाही तेच वाटले असते.

पाचव्या दिवशी तो तेलिणीच्या दारात उभा असताना ती घाण्यावरून उठून आली. तिचे नाव चंद्राबाई.

"अहो बुवा, पाच दिवस माझ्या दारात पुटपुटताय. काय लिहिलंय त्या पानावर?"

आज्ञा ती आज्ञा. त्र्यंबक म्हणाला, "धूर दिसला की तिथं अग्नी आहे, असं आपण म्हणतो. मग अग्नी दिसला की तिथं धूर आहे, असं म्हणता येईल का, याचा विचार आहे."

"यात विचार कसला?" चंद्राबाई म्हणाली. "चुलीतले रसरशीत निखारे बघा, आहे का धूर? लाकूड ओलं असलं तरच धूर होतो. धूर ओल्याचा हो, नुसत्या आगीचा नव्हे!"

त्र्यंबक तिच्याकडे बघतच राहिला. ओले इंधन! पानाच्या मधल्या ओळीत अगदी हेच शब्द होते. साठ वेळा घोकलेली ती ओळ त्याला आज पहिल्यांदा कळली. तो मोठमोठ्याने हसायला लागला. तेलीण चक्रावली. तो हसतहसत तीन पाने पुढे गेला, आणि तिथे पोचल्यावर त्याच्या ध्यानात आले की हसताना आपली मान सरळ मागे गेली होती आणि ती दुखली नव्हती.

मग काय विचारता! सगळ्या गावाला परीक्षा चढली. नावाडी काठावरून ओरडे, "बुवा, पंचविसावं राहिलं!" रहाटावरच्या बायका पान चुकले की हंडा बाजूला ठेवून त्याला परत बोलावत. "माझ्या पानाचा अर्थ सांगा," म्हणून म्हाताऱ्यांची भांडणे लागत. दिवसाला अकराची तीस झाली, तिसाची साठ झाली. चौदाव्या दिवशी तर कुंभार रडकुंडीला येऊन धावत आला. त्याच्या शेळीने एकाहत्तरावे पान खाल्ले होते!

"पाप माझ्या माथी आलं, महाराज," तो आचार्यांपुढे हात जोडून म्हणाला.

आचार्य म्हणाले, "कोरं पान लाव भिंतीला आणि उभ्यानं लिही."

त्याने बोरू उचलला. पहिली ओळ आली, दुसरी आली. कुंभाराच्या अंगणात एवढी गर्दी जमली, की शेळीलाही बाजूला व्हावे लागले. बाराव्या ओळीचा शेवटचा दंड त्याने मारला, तेव्हा पाठशाळेतून दुसरी प्रत आणून आचार्यांनी दोन्ही पाने मांडीवर घेऊन ताडून पाहिली. एक मात्रासुद्धा चुकली नव्हती! कुंभाराने त्र्यंबकाला उचलायचेच बाकी ठेवले.

परीक्षेचा दिवस उजाडला. सभामंडप भरला. नदीपलीकडचे पंच आले, त्यांच्यामागे त्र्यंबकाची आई येऊन उभी राहिली. पहिली काडी खुपसली गेली आणि निघाले ते तेलिणीच्या दारातले पान. त्र्यंबकाने ओले लाकूड आणि निखारे घेऊन अर्थ असा सोडवला, की पेंगुळलेले दोन पंडित सावरून बसले. दुसरी काडी नावाड्याच्या पानाला लागली. तेही त्याने घडाघडा म्हटले.

तिसरी काडी लागली आणि त्र्यंबक गप्प झाला. पहिला शब्दच येईना. पंचांचे चेहरे उतरले. आईने डोळे मिटून घेतले. त्र्यंबकाने श्वास घेतला आणि मान उचलून मंडपाच्या छताकडे पाहिले.

"सभेपुढं मान खाली असावी," अध्यक्ष पंडित कडाडले.

"क्षमा असावी, महाराज," त्र्यंबक म्हणाला, "पण हे पान दीपमाळेवर होतं. मी ते खाली बघून कधी वाचलंच नाही."

सभेत हशा पिकला. अध्यक्षांनाही हसू आवरेना; त्यांनी हातानेच 'चालू दे' अशी खूण केली. आणि छताकडे बघत, एकेक पद सुटे करीत, त्र्यंबकाने ते अवघड पान शेवटच्या अक्षरापर्यंत म्हटले, अर्थासकट! पलीकडच्या गावाचे पंच सभेची रीत विसरून उभे राहिले. त्र्यंबकाच्या खांद्यावर शाल पडली.

गर्दी ओसरल्यावर तो आचार्यांना नमस्कार करायला गेला. ते खांबाला टेकून, नेहमीसारखे खाली बघत बसले होते. त्यांनी विचारले, "तुझी आई आली होती ना? शाल घातली तेव्हा कशी दिसत होती?"

"हसत होती, गुरुजी. आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन्ही एकदम."

आचार्य म्हणाले, "मीही याच सभेत शाल घेतली. त्याआधी दोन महिने माझी मान दुखत होती. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर माझी निष्ठा कमी ठरेल, असं वाटायचं. शाल घातली तेव्हा आई समोर उभी होती, पण मान वर होईना. मला तिच्या पायांतली जोडवी तेवढी दिसली. पुढच्या वर्षी ती गेली. ज्या शरीरानं ग्रंथ वाचायचा, त्याच शरीरानं ग्रंथानंतरचं सगळं बघायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नाही, त्र्यंबका. आणि माझं बघून तुम्ही सगळे वाकत गेलात, तेही मला दिसलं नाही. मला जमीन दिसते. तू कण्हलास म्हणून कळलं."

त्र्यंबकाला हुंदका आला. तो आचार्यांच्या अगदी पुढ्यात जमिनीवर बसला आणि त्याने हसून चेहरा वर केला. बारा वर्षांत पहिल्यांदा गुरूने शिष्याला इतक्या जवळून, नीट पाहिले.

"अस्सं," आचार्य म्हणाले, "म्हणजे तूही दोन्ही एकदम करतोस."

आपल्या घरात कोणी परीक्षेला बसले असेल, तर आज त्याच्यापाशी जाऊन किती वाचून झाले हे विचारू नका, कुठे दुखते आहे का एवढे विचारा.