सात खुर्च्या, सात हार

एका गावात एक भोळा नागू होता. भोळे गावात तसे पुष्कळ होते, पण ते सोयीपुरते भोळे. नागू बारा महिने भोळा. वय तीस, मिशा भरघोस, मन अगदी धुतल्या तांदळासारखं. डोक्यातला तांदूळ मात्र शिजायचा राहून गेला होता.

त्याच्या बहिणीचा नवरा दिनकर गावात फोटो स्टुडिओ चालवायचा. काळ काळ्या-पांढऱ्या फोटोंचा. स्टुडिओ दूध संस्थेच्या इमारतीतल्या एका गाळ्यात होता. संस्थेचे अध्यक्ष रंगराव येता-जाता आठवण द्यायचे, "गाळा आमचा हाय बरं का, दिनकर." बायकोने गळ घातली म्हणून दिनकरने मेहुण्याला हाताशी घेतलं.

पहिल्या दिवशी त्याने नागूला बशीतलं पिवळं पाणी दाखवलं.

"ह्याला रिड्यूसर म्हणत्यात. फोटोत नको तिथं काळं आलं की कापसाच्या बोळ्यानं हे लावायचं. हे काळं खातं. मग लगेच पाण्यात धुवायचं. गेलेलं काळं परत येत न्हाई, म्हणून जरा आधीच थांबायचं. कळलं?"

"कळलं, दाजी."

दिनकर जेवून परत आला, तर नागू डार्करूमच्या दाराबाहेर हातात बोळा घेऊन उभा.

"आत का गेला न्हाईस?"

"जरा आधीच थांबलो, दाजी."

दिनकरने त्याला हाताला धरून आत नेलं.

पहिलं काम हिराबाईच्या फोटोचं. ही किराणावाल्या बाबूशेटची बायको. फोटोत तिच्या डोळ्यांखाली सावली आली होती. दिनकर म्हणाला, "काळं दिसंल तिथं हलका हात फिरव. बाई उजळ दिसली पाहिजे. कळलं?"

"कळलं, दाजी."

नागू कामाला लागला. डोळ्यांखालचं काळं गेलं. मग त्याला भुवया दिसल्या. त्याही गेल्या. कपाळावरचं कुंकू फोटोत काळंच आलेलं, तेही गेलं. मंगळसूत्राच्या मण्यांना मात्र वेळ लागला, कारण ते त्याने एकेक करून काढले. कामचुकारपणा त्याच्या रक्तात नव्हता.

संध्याकाळी बाबूशेट फोटो नाचवत आला. "आरं, मी जित्ता हाय! डोळं फुटलं का तुमचं?"

हिराबाईने धसका घेतला. तीन दिवस तिने नवऱ्याला दुकानातसुद्धा जाऊ दिलं नाही.

दिनकरने नागूला समोर बसवलं. "काळं दिसलं म्हणून काढायचं नसतं, येड्या. माणसाच्या कपाळावर आणि गळ्यात जे असंल, त्याला बोळा लावायचा न्हाई. कळलं?"

"कळलं, दाजी."

मग आला कुंभार गुरुजींचा फोटो. गुरुजी निवृत्त होत होते आणि शाळा त्यांचा फोटो लावणार होती. पण मागच्या पडद्याच्या दोरीची सावली बरोबर गुरुजींच्या गळ्याभोवती पडली होती. दिनकर घाईत होता. "गुरुजींचा फोटो साफ कर," एवढंच तो बोलला.

नागूने कोटावरचा डाग काढला, टोपीची सावली काढली, पाठीमागची भिंतसुद्धा उजळली. गळ्याला हात लावला नाही. आता स्वच्छ उजेडात दोरी फारच उठून दिसू लागली.

गुरुजींनी फोटो बराच वेळ पाहिला. मग शांतपणे म्हणाले, "दिनकर, मी निवृत्त होतोय. फाशी जात नाही."

दिनकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो नागूला म्हणाला, "आता हात जोडतो. तू तुझं डोकं चालवू नगंस. गिऱ्हाइकाला आधी विचारायचं, काय काढू? ते सांगतील तेवढं काढायचं. कळलं?"

"कळलं, दाजी."

अशात दूध संस्थेला पंचवीस वर्षं झाली. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि पाच संचालक, गंध लावून, झेंडूचे हार घालून सात खुर्च्यांवर बसले. मागे शिपाई धोंडिबा पाण्याचा ट्रे घेऊन उभा होता. त्याला बाजूला हो म्हणायचं कुणाला सुचलं नाही. दिनकरने मोठा फोटो काढला. रंगराव म्हणाले, "रविवारी जिल्ह्याचं सायेब पडदा उघडणार हाईत. फोटो बिघडला, तर सोमवारी गाळा सोडायचा."

आणि त्याच दिवशी, फोटो छापून होताच, दिनकरला हिवताप भरला. तो गोधडीत कुडकुडत पडला. स्टुडिओत राहिला एकटा नागू.

पहिले आले रंगराव. नागूने शिकवल्याप्रमाणे विचारलं, "काय काढू?"

रंगरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "काढायचं झालं तर त्या उपाध्यक्षाला काढ. मधी मधी करतंय."

ते गेले आणि उपाध्यक्ष आले.

"काय काढू?"

"रंगरावाला काढता येतंय का बघ की!" उपाध्यक्ष स्वतःच्याच बोलण्यावर हसले. नागू हसला नाही. त्याने नाव लिहून घेतलं.

मग एकेक संचालक चोरपावलांनी येऊन गेला. सात जणांनी मिळून सात नावं सांगितली. एकही नाव दोनदा आलं नाही. एवढी एकी संस्थेत पंचवीस वर्षांत दिसली नव्हती.

नागू दोन दिवस खपला. बोळा लावला, फोटो धुतला, पुन्हा बोळा लावला. यावेळी तो एकही शिकवण विसरला नाही. फोटो चौकटीत बसवून त्याने वर लाल कापड घातलं.

रविवारी सगळं गाव जमलं. दिनकरही कानाला मफलर गुंडाळून आला. साहेबांनी कापड ओढलं.

फोटोत सात रिकाम्या खुर्च्या होत्या. प्रत्येक खुर्चीवर झेंडूचा हार अधांतरी लोंबत होता आणि हाराच्या वर गंधाचा टिपका. मागे धोंडिबा ट्रे घेऊन उभा.

साहेब नवे होते. त्यांनी हार पाहिले, खुर्च्या पाहिल्या. हळूच चपला काढल्या आणि हात जोडले.

"सातही जण एकदम गेले?" त्यांनी विचारलं. "आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

साहेबच उभे म्हटल्यावर सगळे उभे राहिले. सातही मयत पहिल्या रांगेत मान खाली घालून उभे होते.

दोन मिनिटं संपली आणि रंगराव गरजले, "कुणी सांगितलं रं हे काढायला?"

नागूने खिशातून कागद काढला आणि मोठ्याने वाचला. कुणी कुणाला काढायला सांगितलं, सगळं नावानिशी.

दिनकरने डोळे मिटून घेतले. गाळा गेला असंच त्याला वाटलं. पण गाळा काढून घ्यायला ठराव लागतो, ठरावाला बैठक लागते, आणि त्या दिवसापासून ते सात जण एका खोलीत कधी बसले नाहीत. फोटो उतरवायलाही ठराव लागतो. त्यामुळे गाळा दिनकरकडे राहिला आणि फोटो भिंतीवर.

"धोंडिबाला बरं ठेवलंस?" दिनकरने घरी जाताना विचारलं.

"त्याचं नाव कुणी घेतलंच न्हाई," नागू म्हणाला. "त्यालाबी इचारलं मी, काय काढू? तर म्हणाला, कायबी काढू नगंस. खुर्च्या तेवढ्या नीट येऊ देत, सकाळी मीच पुसल्यात."