एकोणीशीची वाटणी

त्या मुलखात आकडे राहत, आणि अख्खं राहायची मुभा तिथे कुणालाच नव्हती. वयात आलेल्या आकड्याने दरबारापुढच्या अंगणात उभं राहायचं. मग भाजक लहानापासून एकेक पुढे येत, दोर टाकत आणि आकड्याच्या पोटातल्या एककांच्या, दर रांगेत आपल्याइतकी, अशा सारख्या रांगा करू बघत. मागे कुणी उरलं नाही, तर रांगारांगांत भिंती घालून आकड्याला घर मिळे. वाटणी होईपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. कंटाळलेल्याने वेशीबाहेरच्या माळावर चालतं व्हावं. भाजक दोनबा, तीनकाका ही जुनी मंडळी; त्यांना स्वतःची वाटणी करून घ्यायला अंगणात कुणी कधी बोलावलंच नव्हतं.

सात हजार नऊशे एकोणीस, म्हणजे घरच्यांची एकोणीशी, उभी राहिली तेव्हा सगळ्यांना वाटलं, एवढी ऐसपैस बाई, चटकन फुटेल. दोनबाने दोर टाकला. एक एकक उरलं. तीनकाकांच्या हाती दोन उरली, पाचाच्या हाती चार. मुख्य न्यायाधीश शंभरराव. दोन, चार, पाच, दहा, सगळ्यांना सोयीने वाटले जाणारे, म्हणूनच त्या खुर्चीवर पोचलेले. ते दर दोराला अधिकच ताठ बसू लागले.

एकोणीशीचे ओठ सुकले होते. माळावर कुणी जगत नाही हे तिला ठाऊक होतं. ती हलली नाही.

एकोणनव्वद आजोबा आले आणि गोड बोलू लागले. "पोरी, माझ्या एकोणनव्वद रांगा, रांगेत एकोणनव्वद जण. दोनच कमी पडतायत बघ. दोनबा उसना घे. चौरस घर होईल, चारी बाजूंनी सारखं."

"घर मिळेल, आजोबा," एकोणीशी म्हणाली. "पण त्यात राहायला जाईल ती मी नसेन."

गर्दीतली बारी, म्हणजे बाराचा आकडा, हळूच म्हणाली, की आता थांबावं. याहून लांब रांगा करायच्या तर रांगा एकोणनव्वदाहून कमीच होणार, आणि तेवढ्यांचे दोर तर सगळे फसलेत. शंभररावांना ते पटलंही. पण दरबाराचा दोर फसला असं आपल्या तोंडाने कसं म्हणायचं? ते म्हणाले, "या मुलखात न फुटणारं काही नसतं. पुढचा."

पुढचा, त्याच्या पुढचा. भाजक दमले, दोर झिजले, बघे घरी जाऊन जेवून आले. हाकाऱ्याचा घसा पार बसला. क्रमाने येईल तो आकडा तो नुसता पुकारत होता.

"भाजक सात हजार नऊशे एकोणीस."

सगळ्या माना एकोणीशीकडे वळल्या. शंभररावांनी हात वर केला, पण पुकारा होऊन गेला होता, आणि पुकारलेल्याला दोर द्यायचा हा त्यांचाच नियम. एकोणीशीने पुढे होऊन दोर घेतला. पहिलं एकक उभं केलं, त्याच्या मागे दुसरं, त्याच्या मागे तिसरं. रांग अंगणातून निघाली, गावात शिरली, गल्ल्यागल्ल्यांतून वळत गेली. मागे कुणी उरलं नाही.

गवंडी विटा घेऊन रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, भिंत कुठे घालायची ते शोधत.