पट्टीवरची वीण

"हे काय बसवलं आहेस, जयवंता?"

मार्तंडबुवांनी गाडीत बसता बसता समोरच्या डॅशबोर्डवर बोट ठेवले. तिथल्या चकचकीत काळ्या पट्टीवर बारीक तिरकी वीण उमटलेली होती. ऊन सरकेल तशी ती उजळे आणि विझे.

जयवंत सकाळपासून याच प्रश्नाची वाट पाहत होता. डॅशबोर्ड, दारांच्या मुठी, गियरभोवतीची चौकट, असे सारे त्याने स्वतःच्या हातांनी सजवले होते. बुवांना प्रवरेकाठच्या मठातून शेजारच्या गावी सप्ताहाला न्यायचे होते, आणि वाटेत त्यांच्यापाशी एक मागणे मागायचे होते. कित्येक वर्षे तो बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहिला होता. आता त्याला पुढे उभे राहायचे होते. नारदांच्या गादीवर, स्वतः कीर्तनाला. गुरूंच्या आज्ञेवाचून ते होणे नव्हते.

"कार्बन फायबर, बुवा," तो ऐटीत म्हणाला. मग आवाज थोडा उतरला. "म्हणजे... कार्बन फायबर स्टाइल."

"स्टाइल म्हणजे?"

"दिसायला तसंच. आहे प्लॅस्टिक. मागचा कागद सोलायचा आणि दाबून चिकटवायचं."

मागच्या आसनावर मांडीशी पखवाज घेऊन धर्माजी बसले होते. बुवांचे जुने पखवाजी; त्यांची जीभ हातांपेक्षा जलद चाले.

"माझ्या केसांसारखं म्हण की," ते म्हणाले. "काळे आहेत, पण माझे नाहीत."

बुवा मनापासून हसले. गाडी मठाच्या फाटकाबाहेर पडली.

"आणि खऱ्याला ही वीण कशासाठी असते रे?"

जयवंत खुलला. "शर्यतीच्या गाड्यांना असतं ते, बुवा. कार्बनचे धागे विणतात आणि वर राळ ओतून घट्ट करतात. पोलादाहून हलकं, तरी वाकत नाही. सगळा ताण ते धागेच घेतात."

"या विणीवर किती ताण येतो?"

"या... ही छापलेली आहे, बुवा. ही नुसती शोभा."

"खाली काय होतं?"

"उन्हाने तडा गेला होता."

"बुजला?"

"दिसत नाही आता."

बुवांनी पट्टीच्या कडेवरून नख फिरवले. नख कुठे अडले नाही.

"बसवली आहेस सफाईने," ते म्हणाले. बोलण्यात टोचणी नव्हती. जयवंताला धीर आला.

दुतर्फा कांद्याची शेते लागली. त्याने गाडीचा वेग कमी केला.

"बुवा, एक विनंती होती. आपला आवाज कालपासून बसलेला आहे. आज्ञा झाली तर आजची सेवा मी करीन. अभंग तयार आहे. निरूपणही आपलंच, शब्द इकडचा तिकडे होणार नाही."

पुढे चिंचेचे झाड दिसले तेव्हा बुवा म्हणाले, "गाडी सावलीत घे."

त्याने गाडी उभी केली.

"म्हण."

जयवंताने डोळे मिटून हात जोडले आणि अभंग उचलला. धर्माजींची बोटे आपोआप पखवाजावर पडू लागली. आवाज गोड होता, चालही पक्की होती. पहिला चरण झाला, दुसरा झाला. तिसऱ्या चरणाच्या मध्यावर तो एकाएकी थांबला. उजवा हात छातीशी गेला, मान किंचित झुकली. धर्माजींचा ठेका दोन आवर्तने एकटाच चालला. मग त्याने उरलेला चरण हळुवार, जवळजवळ पुटपुटत पुरा केला.

याच जागी श्रोत्यांचे डोळे भरून येतात, हे त्याने टाळकऱ्यांच्या रांगेतून पुष्कळदा पाहिले होते.

"हुबेहूब!" धर्माजी म्हणाले. "अहो, परवा हा ओसरीवर शिंकला, तर मला वाटलं बुवाच आले. मी उठून उभा राहिलो!"

या खेपेस बुवा हसले नाहीत.

"तिथे का थांबलास?"

"आपण थांबता, बुवा."

"मी का थांबतो?"

जयवंत गोंधळला. हे काय विचारणे झाले?

"तिथे आपल्याला... पांडुरंग समोर दिसतो. आपला कंठ दाटतो. सगळे श्रोते तसंच म्हणतात."

बुवांनी बंडीच्या खिशात हात घातला, दम्याचा पंप काढला आणि जयवंताच्या तळहातावर ठेवला.

"मला दमा आहे रे."



तो पंप जयवंताने शेकडो वेळा पाहिला होता. प्रवासाच्या पिशवीत तो स्वतःच भरून ठेवत असे. पण तो पंप आणि ते थांबणे एकाच छातीतले आहेत, हे त्याच्या मनाला कधी शिवले नव्हते. घरी आरशासमोर त्याने तो छातीवरचा हात किती घोटून बसवला होता!

"म्हणजे..." त्याने हातातल्या पंपाकडे पाहिले. "तिथे काहीच नसतं, बुवा?"

"श्वास नसतो," बुवा म्हणाले. "तो मागावा लागतो."

"कोणाजवळ?"

बुवांनी हात पुढे करून पंप परत घेतला आणि खिशात ठेवला.

पुढच्या गावातून कर्ण्याचा आवाज येऊ लागला होता. कोणीतरी मंडळींना मंडपात बोलावत होते. रस्त्याकडे पाहतच जयवंत म्हणाला, "मग आज मी उभा राहू नये."

"उभा राहा."

त्याने चमकून मान वळवली. बुवांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, रागही नव्हता.

"पण बुवा... आता त्या चरणात मी थांबू कुठे?"

"तुझा दम संपेल तिथे."