तुमचं गलबत कसं बुडेल?

फार पूर्वी, समुद्रावर फक्त शिडांची गलबतं चालत तेव्हाची ही हकिकत. एका खाडीच्या तोंडाशी एक लहानसं राज्य होतं. राज्य म्हणजे काय, तर एक बंदर, डोंगरउतारावरची चार गावं आणि समुद्रात दूरवर एक बेट. तिथली राणी फार चौकस होती. मिठागरात गेली की मीठ कसं जमतं ते विचारी, कुंभाराकडे गेली की मडकं भट्टीत तडकतं का ते विचारी. म्हाताऱ्या कारभाऱ्यांना याचा जाच होई. ते म्हणत, "आमच्या राज्यात कर थोडा, पण उत्तरं फार द्यावी लागतात."

एका वर्षी वैशाखात बेटावरून वाईट बातमी आली. उधाणाच्या भरतीनं बेटाचा बांध फुटला होता. खारं पाणी शेतात शिरलं, घरात शिरलं आणि कणगीत जपून ठेवलेलं बियाणं नासलं. बांध लोकांनी पुन्हा घातला, पण पेरायचं काय? पाऊस तोंडावर आला होता. आता पेरणी हुकली तर बेटावर वर्षभर चूल पेटणं कठीण.

खाऱ्या जमिनीत रुजणाऱ्या तांबड्या भाताचं बी राणीच्या कोठारात होतं. प्रश्न ते पोचवायचा होता. पावसाळा जवळ आल्यामुळे बंदरातली गलबतं किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी झाकून टाकली होती. पाण्यात उरली होती फक्त दोन. एक दामाजी नाखव्याचं, दुसरं पोसू नाखव्याचं.

दामाजीचं गलबत नवंकोरं होतं. सागाची लाकडं, ताणून बसवलेली शिडं आणि पुढचं निमुळतं टोक, म्हणजे नाळ, वळणदार. बंदरात शिरलं की लोक हातातलं काम टाकून बघत. दामाजी माणूसही तसाच उमदा, वाऱ्याचा जाणकार, धाडसी. पोसूचं गलबत जुनं होतं. ठिकठिकाणी नव्या फळ्यांची ठिगळं होती.

कारभारी म्हणाले, "राणीसाहेब, यात विचार कसला? सगळं बी दामाजीकडे द्या."

पण विचार केल्याशिवाय राहील ती राणी कसली! ती स्वतः धक्क्यावर गेली. दामाजीनं गलबत कौतुकानं दाखवलं. सगळं पाहून झाल्यावर राणीनं विचारलं, "नाखवा, तुमचं गलबत कसं बुडेल?"

दामाजीनं कानांवर हात ठेवले. "शुभ बोला राणीसाहेब! गलबत माझं लेकरू, त्याच्याबद्दल कुणी असं विचारतं का? माझं गलबत बुडणार नाही."

"पण समजा, बुडायचंच झालं तर?"

"समजायचंच कशाला?" दामाजी म्हणाला. "माझ्या गलबतावर असली भाषा कुणी काढत नाही. खलाश्यांनाही मी तशी ताकीद दिलीय."

मग राणी पोसूच्या गलबतावर गेली. तिथंही तिनं तोच प्रश्न विचारला. पोसूनं डोईवरची टोपी काढली, डोकं खाजवलं आणि बसायला एक लाकडी ठोकळा पुढं सरकवला.

"बसा राणीसाहेब. वेळ लागेल."

मग तो सांगत सुटला. पोती नीट बांधली नाहीत तर लाटेसरशी ती एका अंगाला सरकतील आणि गलबत कलंडेल. वजन वर ठेवलं तर डोलकाठीच त्याला पाण्यात लोळवेल. लोभापायी माल जास्त भरला तर साधी लाटही आत येईल. खडक तर आहेतच, आणि ते काही सांगून येत नाहीत. "आणि समजा हे सगळं सांभाळलं," तो म्हणाला, "तरी माझ्या ध्यानात न आलेलं काहीतरी असणारच. त्याची मला जास्त भीती वाटते."

"मग एवढी भीती वाटत असताना समुद्रावर जाता कसे?"

"भीती वाटते म्हणूनच परत येतो," पोसू हसला. "चला, गलबताचं पोट दाखवतो."

शिडीवरून ते खाली उतरले. आत चांगला काळोख होता, राळेचा वास येत होता. राणीला वाटलं होतं की गलबत आतून एखाद्या मोठ्या काहिलीसारखं मोकळं असेल. पण तिथं आडव्या भिंती होत्या, तळापासून थेट वरच्या फळीपर्यंत. फटींत कापूस आणि राळ ठासलेली. प्रत्येक कप्प्याला वरून उतरायची वेगळी वाट होती. एका कप्प्यातून शेजारच्या कप्प्यात जायचं तर आधी वर चढायचं आणि मग पुन्हा खाली उतरायचं.

"हे कशासाठी? केवढी जागा अडलीय!"

पोसूनं उलट विचारलं, "गलबत कशावर तरंगतं, राणीसाहेब?"

"पाण्यावर. लाकूड तरंगतंच की."

"नुसतं लाकूड एवढा माल कसा पेलेल? गलबत तरंगतं ते आतल्या पोकळीवर. पाणी घुसतं ते ती पोकळी गिळायला. या भिंती पाण्याला सांगतात, एवढीच तुझी, बाकीची आमची."

राणीला हे कळलं, पण नुसतं ऐकून तिचं समाधान होत नसे. वाड्यावर येऊन तिनं बांबूचे दोन सारखे तुकडे मागवले. एकाची पेरं तशीच ठेवली, दुसऱ्यातले पेरांमधले पडदे सळईनं फोडून तो आरपार पोकळ केला आणि दोन्ही टोकं मेणानं बंद केली. मग दोन्ही तुकड्यांना शेंड्याजवळ भोक पाडलं, बुडख्याला भोक पाण्याखाली जाईल एवढाच सारखा दगड बांधला आणि विहिरीत सोडले. पोकळ तुकडा बुडबुडे काढत हळूहळू तळाला गेला. पेरांचा तुकडा थोडा खाली झुकला आणि तसाच तरंगत राहिला. कारभारी विहिरीच्या काठावर वाकून बघत होते. "अजून एकदा करा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी राणी पुन्हा दामाजीकडे गेली. त्याच्या गलबतालाही भिंती होत्या. पण प्रत्येक भिंतीत माणूस वाकून जाईल एवढी खिडकी कापलेली होती.

"ही सोय आहे," दामाजी म्हणाला. "पोरांनी दिवसभर वरखाली किती चढायचं? यातून माल झटकन हलतो."

"पाणीही झटकन हलेल."

दामाजीच्या कपाळावर आठी पडली, पण राणीचा शब्द त्याला मोडवेना. त्यानं सुताराकडून प्रत्येक खिडकीला जाड झडप बसवून घेतली. राणीनं बजावलं, "वाटेत झडपा बंद ठेवा." तो "होय" म्हणाला.

कारभाऱ्यांना आता पोसूचं पटलं होतं. ते म्हणाले, "मग सगळं बी पोसूकडे देऊ."

त्यावर पोसूच म्हणाला, "नको. माझं गलबतही बुडू शकतं. दोन्हीकडे अर्धं अर्धं द्या. माझ्याकडचं मी सगळ्या कप्प्यांत थोडं थोडं ठेवीन."

तसंच ठरलं. बेटावरची माणसं कशी आहेत ते डोळ्यांनी पाहावं म्हणून राणीही निघाली. ती पोसूच्या गलबतावर बसली.

समुद्र सुरुवातीला शांत होता. दुपारी बेटाची माडांची रेघ दिसू लागली आणि तेवढ्यात नैऋत्येकडून काळं आभाळ चढलं. बघता बघता वारा उठला. बेटाच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांची रांग होती. दोघा नाखव्यांना ती ठाऊक होती आणि दोघांनी शर्थ केली. पण त्या वाऱ्यात सुकाणू ऐकेना. आधी पोसूचं गलबत खडकावर घासलं, मागोमाग दामाजीचं. दोन्ही गलबतं खडकांवरून सुटून पलीकडे आली, पण दोघांचीही नाळेखालची फळी फुटली होती.

पोसूच्या गलबताचं तोंड खाली झुकलं. पुढच्या कप्प्यावरून लाटा जात होत्या, त्यामुळे तिकडून वरून उतरणं शक्य नव्हतं. राणी पोसू आणि खलाश्यांबरोबर दुसऱ्या कप्प्यात उतरली होती. भिंतीपलीकडे पाणी खळाळत होतं. त्या पाण्यात बियाण्याची पोती होती.

एक खलाशी कुऱ्हाड घेऊन म्हणाला, "नाखवा, भिंतीची वरची एक फळी काढतो. पाणी अजून तिथवर चढलं नाही. निम्मी पोती तरी अलीकडे ओढून घेऊ."

राणीच्या डोळ्यांपुढं बेटावरच्या रिकाम्या कणग्या आल्या. "काढा!" ती म्हणाली. "लवकर काढा!"

"नाही," पोसू म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "राणीसाहेब, पाणी आत्ता नाही चढलं, पण चढणार आहे. तेव्हा ती फळी परत बसवायला कुणाला वेळ मिळणार नाही. ती पोती गेली असं समजा. ती सोडली तरच बाकीची आपली."

"पण ते बी आहे, नाखवा! तिथं लोक वाट बघतायत."

"लोक बी घेऊन पोचणाऱ्यांचीही वाट बघतायत."

खलाशी कुऱ्हाड धरून राणीकडे बघत राहिला. हुकूम तिचा होता. भिंतीच्या फटीतून पाण्याची एक बारीक धार उडाली आणि तिच्या हातावर पडली. राणीनं डोळे मिटले, उघडले.

"कुऱ्हाड ठेव," ती म्हणाली. "कापूस आण."

मग तिनं स्वतः खलाश्यांबरोबर त्या फटीत कापूस ठासला. पलीकडे पाणी फळीच्या वर चढल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. भिंत करकरली. पण टिकली.

वर येऊन पाहतात तो दामाजीचं गलबत फार खाली गेलेलं. तिथं काय घडत होतं ते नंतर कळलं. वाटेत उकाडा होता, खलाश्यांना तहान लागत होती आणि पाण्याचे माठ पुढच्या कप्प्यात होते. म्हणून झडपा उघड्याच होत्या. फळी फुटल्यावर सगळे झडपांकडे धावले. सगळ्यांत मागची तेवढी लागली. पुढच्या झडपांच्या तोंडात सरकलेली पोती अडकली होती, ती भिजून फुगली आणि निघता निघेनात. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलं. खडक एकच होता, भोकंही सारखीच होती.

पोसूनं आपलं जखमी गलबत हळूहळू तिकडे वळवलं. वरचं वजन कमी करायला त्यानं राणीचा तंबू आणि पेटारे समुद्रात टाकायला लावले. राणीनं त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. दोर फेकले गेले. दामाजीचे सगळे खलाशी एकेक करून वर आले. शेवटी दामाजी आला. तो वर पाय ठेवतो न ठेवतो तोच त्याचं ते देखणं गलबत पुढच्या अंगानं पाण्यात शिरलं. डोलकाठी थोडा वेळ दिसत होती, मग तीही गेली.

दामाजी कितीतरी वेळ तिकडेच बघत उभा होता. मग त्याच्याच एका खलाश्याकडे वळून म्हणाला, "तू सकाळी म्हणाला होतास ना, झडपेच्या तोंडाशी पोती रचू नका म्हणून?"

खलाश्यानं मान खाली घातली. "अर्धंच म्हटलं होतं, नाखवा. तुम्ही म्हणालात, अभद्र बोलू नकोस."

पोसूनं आपलं कोरडं कांबळं दामाजीच्या खांद्यावर टाकलं आणि तो सुकाणूकडे गेला.

नाळ पाण्यात टेकवत, लंगडत लंगडत ते गलबत संध्याकाळच्या आत बेटाला लागलं. अर्ध्याहून अधिक बी समुद्रानं नेलं होतं. उरलेलं कोरडं होतं. बेटावरच्या लोकांनी एकत्र बसून ठरवलं की सगळ्यांनी आपापलं शेत न पेरता वरच्या अंगाची चांगली शेतं सगळ्यांनी मिळून पेरायची. राणी पावसाळाभर तिथंच अडकली आणि भात कसं लावतात, मुठीत किती रोपं धरतात, हे विचारत चिखलात उभी राहिली. पोसू आणि दामाजीही लावणीला होते. दामाजी फारसं बोलत नसे, पण आता ऐकत मात्र असे.

दिवाळीच्या सुमारास तांबडं भात कापणीला आलं. भरपूर नव्हतं, पण वर्ष निघण्याजोगं होतं आणि पुढच्या वर्षीचं बी त्यातूनच राखता येणार होतं. पहिल्या भाताच्या दोन टोपल्या भरून बेटावरच्या एका म्हातारीनं दोन्ही नाखव्यांपुढं ठेवल्या.

दामाजीनं हात मागं घेतला. "मावशी, माझं गलबत तुमचं बी घेऊन बुडालं. मी कुठल्या तोंडानं घेऊ?"

म्हातारी म्हणाली, "बी बुडालं, बाबा. तू नाही बुडालास. घे, खा, आणि नवं गलबत बांध. आम्हाला येणं-जाणं लागतंच की."

दामाजीनं टोपली दोन्ही हातांनी उचलली.

तात्पर्य एवढंच, पोरांनो: संकटाचं नाव काढू नये म्हटल्यानं संकट टळत नाही. ज्यानं आधीच विचारून ठेवलं, ऐकून ठेवलं आणि वेळेला थोडं सोडून दिलं, त्याचंच बाकीचं तरलं.